राखाडी झग्यातलं डाळिंब

१

काचेची पेटी बंद होती. कुलूप शाबूत होतं. कुलपावर आडवी चिकटवलेली कागदाची पट्टी आणि तिच्यावरची संचालकांची सही, सगळं जिथल्या तिथे होतं. तरीही आत उभ्या असलेल्या झग्याला रातोरात कुणीतरी हात लावला होता.

काल संध्याकाळपर्यंत तो पायघोळ झगा गळ्यापासून खालच्या काठापर्यंत राखाडी होता. आज सकाळी त्याच्या घेराला, पोटऱ्यांच्या उंचीवर, वीतभर रुंदीचा डाळिंबी पट्टा होता. वर राख, खाली राख, मध्ये तो पट्टा. विझलेल्या चुलीवर कुणी फुंकर मारावी आणि आतल्या निखाऱ्याने डोळा उघडून बघावं, तसा.

"भावोजी, तोंड मिटा," वहिनी माझ्या कानाशी म्हणाली. "माशी जाईल."

वहिनीने उभी हयात जुन्या पेहरावांचा अभ्यास केला. आता निवृत्त आहे, पण एखाद्या संग्रहालयात एखादी बाही कोड्यात टाकू लागली की तिलाच बोलावतात. ती निघाली की मी तिची पिशवी घेऊन मागे. दादा म्हणतो, लक्ष्मणानेसुद्धा इतकं केलं नसेल.

पेटीतला झगा होता मोठ्या बाईंचा. ज्या गावात मुलींनी अक्षर गिरवणं म्हणजे आक्रीत होतं, तिथे त्यांनी मुलींची पहिली शाळा काढली. नवरा ऐन तारुण्यात गेला, त्या दिवसापासून बाईंनी रंग सोडला, आणि राखाडी वस्त्रात, खाली मान घालून, जन्मभर शिकवलं, अशी त्यांची कथा. चौकात पुतळा आहे, तोही करड्या दगडाचा. संग्रहालयाच्या संचालकांनी तर त्यांच्या वैराग्यावर जाडजूड ग्रंथ लिहिलाय. घराण्याने पेटाऱ्यात जपलेला हा झगा पहिल्यांदाच लोकांसमोर येणार होता. आज संध्याकाळी.

"सरळसरळ विटंबना आहे ही," संचालक म्हणाले. गोरेगोमटे, नीटनेटके गृहस्थ, पण सकाळपासून घाम पुसून पुसून रुमालाचं पोतेरं झालं होतं. "कुणी केलं ते मला ठाऊक आहे. कसं केलं तेवढं तुम्ही सांगा."

त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. तिथे स्टुलावर एक किडकिडीत बाई, मांडीवर शिवणाचा डबा घट्ट धरून बसली होती.

"पाहुणे यायच्या आत," संचालक म्हणाले, "त्या या इमारतीबाहेर असतील. कायमच्या."

२

सगळे तिला रफूकाकू म्हणत. या संग्रहालयातलं एकही फाटकं वस्त्र असं नव्हतं, ज्याला तिचा टाका लागला नव्हता. तिला दुसरं घर नव्हतं असं नाही, पण घरी ती फक्त झोपायला जायची, असं पहारेकऱ्यानेच मला सांगितलं.

"किल्ल्या दोन," रफूकाकू म्हणाली. "एक साहेबांकडे, एक माझ्याकडे. सुई माझ्याकडे. भांडण माझं झालेलं. मग चोर दुसरं कोण असणार?"

"भांडण कशावरून?" वहिनीने विचारलं.

"मी म्हटलं, साहेब, झगा आडवा ठेवा. म्हातारं कापड आहे, उभं राहायची सवय मोडलीय त्याची. तर म्हणाले, झोपलेलं बघायला कोण येतंय? वर वाफेची इस्त्री फिरवायला सांगितली. मी नाही म्हटलं, तर स्वतः फिरवली."

"एक सुरकुती राहिली नव्हती!" संचालक मागून म्हणाले. आवाजात दुःख होतं, तरी थोडा अभिमान शिल्लक होताच.

"माझं ऐकतंय कोण?" रफूकाकूचा स्वर चढला. "शेजारच्या पेटीतली ती कापडी दप्तरं बघा. बाईंनी पोरींसाठी शिवलेली. कुणी हात नाही लावला तरी शिवणी सुटतात. दर पावसाळी हवेत एक तरी उघडं पडतं. मी परत शिवते, ते परत सुटतं. झग्याचंही काहीतरी होईल म्हणून जीव तुटत होता माझा. आणि आता म्हणे मीच..."

तिने पदर डोळ्यांना लावला नाही. डबा आणखी घट्ट धरला.

पहारेकऱ्याने सांगितलं की सील त्याच्यासमोर लागलं, त्यानंतर दालनात चिटपाखरू आलं नाही. पेटीला दुसरं दार नाही, मागची बाजू भिंतीला टेकलेली. वहिनीने पट्टीचा कागद भिंगाखाली धरून पाहिला आणि मान हलवली. सोडून पुन्हा चिकटवलेला नव्हता.

"अशक्य आहे," मी म्हणालो.

"अशक्य काही नाही, भावोजी. आपण चुकीच्या ठिकाणी बघतोय." तिने संध्याकाळच्या समारंभाची कार्यक्रमपत्रिका माझ्या हातात दिली. वर कालच काढलेला झग्याचा फोटो होता. "या फोटोत आहे आणि पेटीत नाही, असं काय?"

मी फोटो पाहिला. पेटी पाहिली. पुन्हा फोटो पाहिला. झग्याच्या काठाखाली काल मोठ्या बाईंचे जुने, बंदांचे बूट ठेवले होते. फोटोत दोन्ही बूट स्पष्ट दिसत होते.

पेटीत बूट नव्हते.

"अरे देवा!" संचालक मटकन खाली बसले. "म्हणजे चोरीसुद्धा!"

३

एवढ्यात दालनात टाचा वाजवत एक तरुणी आली. मोठ्या बाईंची पणती. पेशाने दातांची डॉक्टर, आणि जीभही तशीच, नेमक्या ठणकणाऱ्या जागी टोचणारी.

तिने पेटीकडे पाहिलं आणि ती जागीच थांबली. हात हळूहळू तोंडावर गेला. घाबरल्याची खूण म्हणावी, तर डोळे हसत होते.

"बघा, बघा!" संचालक उठले. "काल यांनी इथेच, चारचौघांत माझा अपमान केला. काय म्हणालात? सांगा ना आता."

"मी म्हणाले, माझ्या पणजीला तुम्ही राख फासलीत. आजही म्हणते."

"का?" वहिनीने विचारलं.

"माझी आजी त्यांची एकुलती लेक. तिने मला आईचं वैराग्य कधी सांगितलंच नाही. ती एकच गोष्ट सांगायची. आई वर्गात खिडकीपाशी उभी राहिली की चुन्याच्या भिंतीला रंग चढायचा. भिंत लाजायची, म्हणायची. राखाडी बाई उभी राहिली तर भिंत कशाला लाजेल हो?"

"म्हातारपणाच्या आठवणी," संचालक म्हणाले. "पुरावा म्हणत नाहीत त्याला. पुरावा झग्यावरच होता! खाली, घेराभोवती, काळ्या दोऱ्याची एक रेघ होती. अंगभर दुसरं काही नक्षीकाम नाही, फक्त ती एक काळी रेघ. शोकरेषा. माझ्या ग्रंथात तिच्यावर अख्खं प्रकरण आहे. आणि आज बघा, रेघच गायब!"

खरंच की. फोटोत ती बारीक काळी रेघ दिसत होती. पेटीत ती कुठेच नव्हती.

"डॉक्टरीणबाई, तुम्हाला शिवता येतं?" मी आपला विचारलं.

"हिरड्यांना टाके घालते मी. रोज. घाला बेड्या." तिने दोन्ही हात पुढे केले. "पण एक सांगते. हे मी केलेलं नाही. केलं असतं, तर अख्खा झगा लाल केला असता!"

म्हणजे बघा, किल्ली आणि सुई रफूकाकूकडे. राग पणतीकडे. आणि खरं सांगायचं तर मला संचालकांचाही संशय यायला लागला होता. अशा बातमीने संध्याकाळी दालनात पाय ठेवायला जागा उरली नसती. पण तिघांपैकी कुणीही असो, सील न मोडता आत गेलं कसं? बूट घेऊन बाहेर आलं कसं?

वहिनी मात्र शेजारच्या पेटीसमोर, त्या उसवलेल्या दप्तरांपुढे उभी होती. हात पाठीशी बांधलेले. ती वळली तेव्हा तिचा चेहरा, देवळाच्या पायरीवर पहिली घंटा ऐकू आल्यावर होतो, तसा झाला होता.

"सील तोडा," ती म्हणाली. "मला जमिनीवर झोपायचंय."

४

मला गाऊन सांगितलेलं निरूपण जिवापाड आवडतं. चांगला निरूपणकार आधी एक ओळ गातो, मग तुम्हाला गोष्टीच्या रानात लांब फिरवून आणतो, आणि शेवटी तीच ओळ पुन्हा म्हणतो तेव्हा ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी वाटते. वहिनीची ओळ एकच. कुठलंही जुनं वस्त्र समोर आलं की ती आधी विचारते, "कुठे झिजलंय?"

तिने अंगठ्या काढून माझ्या हातात दिल्या. पेटीचं दार उघडलं, तसा जुन्या लाकडाचा आणि बंद पेटाऱ्याचा वास आला. तिने झग्याला हात लावला नाही. भिंग डोळ्याला लावून, गळ्यापासून, अगदी सावकाश वाचत खाली आली. हो, वाचतच. ओठ हलत होते.

"डावी बाही उजवीपेक्षा फिकी," ती पुटपुटली. "खिडकी डाव्या हाताला. उजव्या बाहीचं मनगट विरलंय, फळ्यावर घासून. गुडघे... भावोजी, इकडे या. गुडघ्यांवर काय दिसतं?"

दोन्ही गुडघ्यांच्या जागी कापड इतकं झिजलं होतं की आतलं अस्तर डोकावत होतं.

"प्रार्थना करायच्या त्या," संचालक म्हणाले. "तासन् तास. माझ्या ग्रंथात..."

"आणि हे?" वहिनीने भिंग गुडघ्यांच्या जरा वर नेलं. तिथे फिकट निळसर ठिपके होते. विखुरलेले, बोराएवढे. मी वाकून पाहिलं. शाईने बरबटलेल्या लहान बोटांचे ते ठसे होते. "बाई गुडघे टेकायच्या, पण पोरींसमोर. त्यांच्या वहीच्या उंचीला यायला. आणि पोरी आधाराला झगा धरायच्या."

मला वाटलं, प्रार्थना म्हणजे तरी याहून वेगळं काय असतं?

मग वहिनी खरंच जमिनीवर पालथी झाली आणि डाळिंबी पट्ट्याजवळ तोंड नेलं. बराच वेळ गेला. तिने पेटीच्या तळावरून बोट फिरवून वर धरलं. बोटाला काजळीसारखा काळा चुरा लागला होता.

"जाळायचा प्रयत्न केलाय!" संचालक ओरडले.

वहिनी उठून बसली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. वहिनीला मी दादाच्या आजारपणातसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं.

"सापडला का गुन्हेगार?" मी हळूच विचारलं.

"सापडला," ती म्हणाली. "पेटीच्या आतच आहे."

५

"आधी चोरी मिटवू," वहिनी म्हणाली. "डॉक्टरीणबाई, स्वच्छ हात आहेत तुमचे. झग्याचा काठ अगदी अलगद उचला."

पणतीने काठ उचलला. खाली, जिथे काल ठेवले होते तिथेच, बूट उभे होते.

"बूट कुठेही गेले नाहीत. झगा लांब झाला. काल काठ बुटांच्या वर होता, आज तळाला टेकलाय. आता सांगा, कुणी कापड रंगवलं तर ते लांब होतं का?"

"नाही," संचालक म्हणाले. "पण मधे नवा पट्टा जोडला तर होईल!"

"जोडला तर वर एक शिवण लागेल, खाली एक शिवण लागेल. भिंग घ्या. शोधा."

त्यांनी शोधलं. राखाडीचा धागा सरळ डाळिंबीत उतरत होता आणि डाळिंबीचा पुन्हा राखाडीत. कापड एकच होतं. फक्त पट्ट्याच्या वरच्या कडेला आणि खालच्या कडेला सुईच्या रिकाम्या भोकांची एकेक ओळ होती.

"दोन ओळी," वहिनी म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरचं उपरणं ओढून घेतलं. मधोमध चिमटीत धरून तिने त्याला आतल्या बाजूला आडवी दुमड घातली. "ही अशी दुमड घातली आणि एक टीप मारली, की दोन ओळी एकमेकींवर येऊन एकच रेघ दिसते. तुमची शोकरेषा. दुमडीतलं कापड तोंडाला तोंड लावून आत बंद. ना ऊन, ना वारा. आतून पाहिलं तर अस्तरच दिसणार. आता दोरा काढा..."

तिने चिमूट सोडली. उपरणं लांब झालं, आणि आतला बंद पट्टा उघडला.

"म्हणजे," पणती म्हणाली, "हा रंग..."

"हा झग्याचा खरा रंग आहे. अख्खा झगा असाच होता. डाळिंबासारखा. तो काळ पहिल्या कारखानी रंगांचा, डॉक्टरीणबाई. डोळे दिपवणारे, पण उन्हाचे कच्चे. रोज उन्हात गेलं की हळूहळू राख व्हायचे. आणि एक लक्षात घ्या, साहेब. पेटाऱ्यात ठेवून रंग उडत नाही. माणूस रोज बाहेर पडला, उजेडात उभा राहिला, तरच उडतो. बाईंनी रंग सोडला नाही. रंगात राहून तो शिकवण्यात खर्च केला."

"भिंत लाजायची," पणती स्वतःशीच म्हणाली. आणि मग धारदार जिभेच्या त्या पोरीने चेहरा ओंजळीत लपवला.

"पण दोरा काढला कोणी?" मी विचारलं. सील काही माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

"दप्तरं उसवतं कोण, भावोजी? कुणीच नाही. त्या काळी काळा दोरा लोखंडाच्या पाण्यात उकळून रंगवायचे. लोखंड दोऱ्यात बसून राहतं आणि त्याला आतून खातं. दमट हवा लागली की भूक वाढते. झग्याच्या बाकी शिवणी पांढऱ्या रेशमाच्या आहेत, म्हणून टिकल्या. ही एकच टीप काळी. आडवा पडून होता तोवर तिच्यावर भार नव्हता. परवा वाफ दिली, काल उभा केला, रात्रभर झग्याचं वजन तिला ओढत राहिलं, आणि पहाटे कधीतरी ती भुगा होऊन खाली आली. तोच हा चुरा. रात्री या पेटीत कुणी आलं नाही. झगा स्वतःच बोलला."

संचालकांचा चेहरा झग्यापेक्षा राखाडी झाला होता. पण इतिहासकाराची खोड जात नाही. ते म्हणाले, "दुमड घातली तरी का? नव्या झग्याला?"

"हा खरा प्रश्न," वहिनी खूष होऊन म्हणाली. "दुमडीतला रंग ताजा, म्हणजे झगा कोरा असतानाच घातली. तेव्हाची रीत काय? भल्या घरच्या बाईचा झगा जमिनीला लोळला पाहिजे. पावलं दिसता कामा नयेत. आता ते बूट बघा. कुठे झिजलेत?"

पणतीने एक बूट उलटा केला. टाच बऱ्यापैकी होती. चवड्यापाशी तळ कागदासारखा पातळ झाला होता.

"चालणारा टाचेवर झिजवतो. चवड्यावर झिजवतो तो धावणारा. आणि या भोकांचं अंतर बघा, टाके लांब लांब, वाकडेतिकडे. शिंप्याचं काम नाही हे. पोरींची दप्तरं शिवता शिवता बाईंनी तोच दोरा, तीच सुई घेतली, नव्याकोऱ्या झग्याला दुमड मारली, आणि पोरींमागे अंगणात धावायला मोकळ्या झाल्या. लोक बोलले असतील. बोलू दे म्हणाल्या असतील. शोकरेषा नाही हो ती, साहेब. धावायची सोय आहे."

एका दुमडीत एक बाई इतकी वर्षं श्वास रोखून उभी होती, आणि आम्ही तिच्या पुतळ्याला हार घालत होतो.

६

संचालक खाकरले आणि रफूकाकूकडे गेले.

"काकू, माझं चुकलं. तुम्ही कुठेही जायचं नाही." ते थांबले. "पण संध्याकाळी सगळं गाव येणार. ग्रंथ, पुतळा, भाषणं... आजच्यापुरती ती दुमड परत घालता येईल का? काळ्याच दोऱ्याने? मग सावकाश सांगू लोकांना."

आता सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे. आत्ताच परत मिळालेली जागा तिच्या हातात होती, आणि सुईही.

रफूकाकूने डबा उघडला. आत बघितलं. बंद केला.

"येईल, साहेब," ती म्हणाली. "भोकं तयारच आहेत. सुई त्यातूनच जाईल, कुणाला कळणारही नाही." ती उठून उभी राहिली. "पण मी नाही घालणार. त्या बाईला मी परत कोंडणार नाही. काढायचं तर काढा मला."

डबा काखेत मारून ती दाराकडे चालू लागली. पणती तिच्यामागे धावली.

"थांबा!" संचालक म्हणाले. त्यांनी भिंतीवरचा, 'वैराग्याचं वस्त्र' असं लिहिलेला भलामोठा फलक दोन्ही हातांनी उचलला आणि उलटा करून ठेवला. "झगा कसा ठेवायचा, ते तुम्ही सांगा."

"आडवा," रफूकाकू दारातूनच म्हणाली. "आणि ते दिवे घालवा आधी! तेवढा एक पट्टा उरलाय तिचा, तोही उजेडाला खाऊ घालताय का?"

एवढं लांब उंच टेबल संग्रहालयात नव्हतं. म्हणून दालनाच्या मधोमध बैठी चौकी मांडली, तिच्यावर मऊ कापड अंथरलं आणि झगा निजवला. एकच मंद दिवा, वरून झाकलेला, पट्ट्याशेजारी ठेवला. रफूकाकू म्हणाली, आज एवढंच दर्शन, उद्यापासून अंधारात विसावा.

संध्याकाळी गाव लोटलं. पहिल्या रांगेतले बडे लोक आत आले, आणि गोंधळले. चौकी गुडघ्याएवढी उंच, दिवा मंद. उभ्याने नुसती राख दिसत होती.

संचालकांनी भाषणाचा कागद खिशातून काढला, बघितला आणि पुन्हा खिशात ठेवला. मग ते पुढे झाले आणि, परीटघडीच्या कपड्यांसकट, चौकीसमोर गुडघे टेकून बसले.

"इथून बघा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "इथूनच दिसतं."

एकेक करत सगळे गुडघ्यांवर आले. पणती आली, पहारेकरी आला, मीही आलो. त्या उंचीवरून वीतभर डाळिंब दिव्याच्या उजेडात धगधगत होतं, आणि वाकलेल्या प्रत्येक चेहऱ्यावर त्याची किंचित लाली चढली होती. भिंत लाजावी तशी.

बाहेर पडताना मी विजारीच्या गुडघ्यांवरची धूळ झटकायला लागलो, तर वहिनीने माझा हात धरला.

"राहू द्या, भावोजी. पुढेमागे कुणी ती विजार हातात घेईल. विचारेल, कुठे झिजलीय?"